आपल्या घरात वाढणारे दुसऱ्याचे मूल

१. मूल ठेवून घेता येते का?

बाप वारलेला, माय दवाखान्यात किंवा परागंदा, आणि घरात आठ-नऊ वर्षांचे लेकरू. अशा वेळी शेजारचे एखादे कुटुंब म्हणते, "राहू द्या आमच्याकडे, दोन घास जास्तीचे." मागोमाग प्रश्न येतात. मूल असे ठेवून घेता येते का? उद्या त्याचा चुलता मागायला आला तर? शाळेत पालक म्हणून सही कोणी करायची? आणि जिल्ह्याची माणसे चौकशीला घरी येऊ लागली तर त्यांच्याशी वागायचे कसे?

भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावात हे प्रश्न पुस्तकी नाहीत. जालना जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी हा कापूस, मका आणि मिरची पिकवणारा, पावसाकडे डोळे लावून बसणारा तालुका. नापिकी, कर्ज, कर्त्या माणसाची आत्महत्या, अपघात, दारू, दीर्घ आजार, कामासाठीचे स्थलांतर ही मुले उघडी पडण्याची कारणे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत. त्यावरचा जुना आधारही सर्वांच्या ओळखीचा आहे: आजी, मामा, मावशी, थोरला चुलता. बहुतेक मुले याच आधारावर वाढली आणि आजही वाढतात. नातेवाईक नसतील, किंवा असून नसल्यासारखे असतील, तेव्हा काय करायचे याचे उत्तर कायद्यात ‘प्रतिपालकत्व’ या नावाने आहे. बोलण्यात त्याला फॉस्टर केअर म्हणतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे. दयाळूपणे मूल घरात घेतले तरी ते गुपचूप ठेवता येत नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ नुसार निराधार, हरवलेले किंवा कुटुंबाचा आधार तुटलेले मूल आढळले तर २४ तासांच्या आत १०९८ या क्रमांकावर, पोलिसांना, बाल कल्याण समितीला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवावे लागते. न कळवणे हा गुन्हा आहे. हसनाबादला पोलीस ठाणे असल्याने निदान कळवण्यासाठी लांब जावे लागत नाही. ही अट दयेवर संशय घेण्यासाठी घातलेली नाही. मुलांची विक्री, बालमजुरी आणि शोषण हे सारे ‘आम्ही सांभाळतो’ याच वाक्याआड चालते, म्हणून ती आहे.

२. दत्तक, प्रतिपालकत्व, बालसंगोपन, प्रायोजकत्व

या चार शब्दांची सरमिसळ झाली की पुढचे सगळे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

दत्तकविधानात मूल कायमचे दुसऱ्या कुटुंबाचे होते. नाव, वारसा, हक्क सगळे बदलते आणि जन्मदात्यांशी असलेले कायदेशीर नाते संपते. प्रतिपालकत्वात यातले काहीच होत नाही. बाल कल्याण समितीच्या आदेशाने मूल ठरावीक काळ दुसऱ्या कुटुंबात राहते. हे कुटुंब निवडलेले, तपासलेले आणि देखरेखीखालचे असते. मुलाचे नाव, आडनाव आणि आईबाप तेच राहतात. हा काळ एक वर्षापर्यंत असेल तर तो अल्प मुदतीचा. त्याहून अधिक असेल तर दीर्घ मुदतीचा, आणि समितीने वाढवत नेला तर तो मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत चालू शकतो. जे मूल दत्तक जाण्यास योग्य आहे त्याला दीर्घ मुदतीच्या प्रतिपालकत्वात ठेवू नये, असे कायदा स्पष्ट सांगतो.

बालसंगोपन ही महाराष्ट्राची स्वतःची योजना. अनाथ, एकच पालक असलेली, दुर्धर आजाराने किंवा तुरुंगवासाने पालक दुरावलेली मुले संस्थेत न जाता घरच्या वातावरणात राहावीत, म्हणून तिच्यातून दरमहा मदत मिळते. ही मदत बराच काळ महिना ४२५ रुपये होती. कोविडच्या साथीत हजारो घरांतील कर्ती माणसे गेल्यावर ती ११०० झाली आणि २०२३ मध्ये २२५० रुपये. तेव्हापासून योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. हसनाबादमध्ये आजीकडे किंवा मामाकडे राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत आधी याच योजनेचा विचार करावा. प्रायोजकत्व ही केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील मदत. मूल स्वतःच्याच घरी राहावे म्हणून ती गरीब कुटुंबाला दिली जाते, आणि त्यासाठी ग्रामीण भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२ हजार रुपयांपर्यंत असावे लागते.

या चारांमध्ये प्रतिपालकत्व सर्वांत कमी वापरले गेले आहे. अनोळखी मूल काही काळापुरते घरात घ्यायचे, त्याच्यावर माया करायची आणि पुढे त्याला परत जाऊ द्यायचे, ही कल्पना आपल्याकडे अजून रुजलेली नाही.

३. संस्थेऐवजी घर कशासाठी?

बालगृहात जेवण, कपडे, शाळा आणि दवाखाना मिळतो, मग घराची खटपट कशाला, असे अनेकांना वाटते. या प्रश्नाचे सर्वांत भक्कम उत्तर रुमानियातून आले. बुखारेस्ट शहरातील अनाथालयांमधल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास २००१ च्या सुमारास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुले प्रशिक्षित प्रतिपालक कुटुंबांत पाठवली गेली आणि बाकीची नेहमीच्या सरकारी व्यवस्थेत राहिली. साडेचार वर्षांच्या वयात बुद्ध्यंक मोजला तेव्हा संस्थेच्या गटाची सरासरी सुमारे ७३ आणि कुटुंबांतील मुलांची सुमारे ८१ आली. सर्वसाधारण सरासरी १०० धरतात. म्हणजे घर मिळाल्याने सगळे नुकसान भरून निघाले नाही, पण फरक स्पष्ट पडला, आणि जितक्या लहान वयात घर मिळाले तितका तो मोठा होता. माणसाला जीव लावण्याची क्षमताही घरात वाढलेल्या मुलांमध्ये अधिक चांगली दिसली.

या अभ्यासातली एक बाजू सहसा सांगितली जात नाही. त्या कुटुंबांना मूल देऊन वाऱ्यावर सोडले नव्हते. समाजसेवक नियमित घरी जात, अडचणी ऐकत आणि फोनवर उपलब्ध असत. जे यश दिसले ते घर आणि समाजसेवक या जोडीचे होते.

भारताने बालहक्क संहितेला १९९२ मध्ये मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. संस्था हा शेवटचा पर्याय, हा विचार तिथून आपल्या कायद्यात आला. संस्था आणि घर यांच्या मधला एक प्रकार म्हणजे गट प्रतिपालकत्व, ज्यात मोजकी मुले एका सांभाळणाऱ्या व्यक्तीसोबत घरासारखी राहतात. १९६४ मध्ये फरीदाबादजवळ सुरू झालेल्या आणि पुढे पुणे-लातूरपर्यंत पोचलेल्या एसओएस बालग्रामांची घडण या कल्पनेच्या जवळची आहे.

४. दारात कोण येते आणि निर्णय कोण घेते?

गावात कोणीही चौकशीला आले की ते ‘सरकारी साहेब’ किंवा ‘मॅडम’ ठरतात. प्रतिपालक कुटुंबाला मात्र त्यांच्यातला फरक ओळखावाच लागतो.

सगळ्यांत वर बाल कल्याण समिती. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत आणि महिन्यातून किमान वीस दिवस तिचे काम चालावे अशी अपेक्षा आहे. मूल कोणाकडे राहील, किती दिवस, कधी परत जाईल हे फक्त तीच ठरवते.

समितीचे डोळे आणि हातपाय म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्ष. तिथे संस्थाबाह्य काळजीचे काम पाहणारे संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते आणि गावोगाव फिरणारे क्षेत्रीय कार्यकर्ते असतात. घरी येणारी व्यक्ती बहुधा यांच्यापैकीच. गावपातळीवर सरपंचांच्या अध्यक्षतेखालची ग्राम बाल संरक्षण समिती आणि अंगणवाडी सेविका असते. कागदावर समितीचे नाव मोठे असले तरी मूल उपाशी आहे की रडते आहे हे सर्वांत आधी अंगणवाडीच्या ताईंना कळते, हे विसरता येत नाही.

यातून निघणारी महत्त्वाची गोष्ट अशी की समाजसेवक निर्णय घेत नाहीत. ते पाहतात, विचारतात, लिहितात आणि शिफारस करतात. त्यांच्यावर चिडून किंवा त्यांना खूश ठेवून मूल राहत नाही आणि जातही नाही. पण समितीपुढे जे घर उभे राहते ते त्यांच्या लेखणीतून, म्हणून त्यांच्याशी प्रामाणिक राहण्याला पर्याय नाही.

इंग्लंडमध्ये मुलासाठी एक समाजसेवक असतो आणि प्रतिपालक कुटुंबासाठी दुसरा. एक मुलाचे हित पाहतो, दुसरा सांभाळणाऱ्यांचा थकवा आणि शंका. आपल्या जिल्ह्यांत ही दोन्ही कामे बहुधा एकाच व्यक्तीकडे येतात, शिवाय तिच्याकडे इतर अनेक प्रकरणे असतात. त्यामुळे ‘ताई, आज मुलाबद्दल नाही, माझ्याबद्दल बोलायचं आहे’ असे प्रतिपालक आईने स्वतःहून म्हणावे लागते. कोणी आपणहून विचारेल याची वाट पाहत बसले तर ते बोलणे राहूनच जाते.

५. निवड: घराची तपासणी म्हणजे काय?

प्रतिपालक होण्यासाठी श्रीमंती लागत नाही. पत्र्याचे घर म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. मुलाला निजायला-बसायला सुरक्षित जागा, घरखर्च भागेल इतके उत्पन्न, घरातील सर्वांची वैद्यकीय तपासणी, गुन्ह्यात शिक्षा झालेली नसणे आणि पती-पत्नी दोघांची मनापासून तयारी, हे पाहिले जाते. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार जोडप्याचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असावे लागते. त्याच तत्त्वांनी एकट्या व्यक्तीलाही दार उघडले. ३५ ते ६० वयाची अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्ती मूल सांभाळू शकते. एकट्या पुरुषाकडे मात्र फक्त मुलगाच दिला जातो. भर सहा वर्षांवरील मुलांवर आहे.

तपासणीत खासगी प्रश्न येतात: भांडण झाले की घरात काय होते? पिणारे कोणी आहे का? स्वतःच्या मुलांना मारता का? पहिल्या भेटीत हे अपमानासारखे वाटू शकते. पण ज्या मुलाने एका घरात मार आणि आरडाओरडा पाहिला, त्याला पुन्हा तशाच घरात पाठवायचे नसेल तर हे विचारावेच लागते.

दोन प्रश्न मात्र हवे तितके विचारले जात नाहीत. पहिला, घरातल्या मुलांना काय वाटते? आईच्या कुशीत, वह्यांच्या खणात आणि सणाच्या कपड्यांत वाटेकरी येणार आहे, हे त्यांना आधी सांगायला हवे. दुसरा, मूल कशासाठी हवे? शेतात राखणीला, गुरांमागे किंवा धुण्याभांड्याला हात हवा म्हणून मूल मागणारे घर गोड बोलण्यातही ओळखू येते. आणि मूलबाळ नसलेल्या जोडप्याला दत्तकच हवे असेल तर त्याने दत्तकासाठीच नोंदणी करावी. परत जाणारे मूल त्याच्या ओटीत घालणे हा दोघांवरही अन्याय आहे.

६. पहिले महिने

पुढचे सारे समजण्यासाठी एक कल्पित प्रकरण घेऊ. नऊ वर्षांची मुलगी आणि तिचा सात वर्षांचा भाऊ. बाप वारल्यानंतर आईला तीव्र मानसिक आजार जडला, उपचार छत्रपती संभाजीनगरला सुरू आहेत. आजी-आजोबा नाहीत, मामाने हात वर केले. समितीने दोघांना सहा महिन्यांसाठी हसनाबादच्या एका कुटुंबात ठेवले. भावंडांची ताटातूट होऊ नये यासाठी सर्व प्रयत्न करावेत, असे कायदाच सांगतो. म्हणून दोघे एकाच घरी.

पहिला आठवडा बहुधा शांत जातो. मुले नको इतकी शहाणी वागतात. सांगितले की लगेच उठतात, ताट स्वतः घासतात, काही मागत नाहीत. घरचे म्हणतात, "किती गुणाची लेकरं!" अनुभवी समाजसेवक मात्र इथेच सावध करतात, कारण ही शांतता भीतीची असते. इथूनही काढले तर जायचे कुठे, हे मूल मनात मोजत असते.

महिना-दीड महिन्याने भीती ओसरते आणि खरे मूल दिसू लागते. उशीखाली भाकरीचे तुकडे सापडतात. मुलगा अंथरूण ओले करतो. मुलगी भावाला कोणाला हात लावू देत नाही, कारण इतके दिवस तीच त्याची आई होती. एखादे मूल विनाकारण खोटे बोलते, दुसरे गावातल्या कोणाही माणसाच्या गळ्यात पडते. हे वळण वाईट असल्याचे लक्षण नव्हे. उपाशी राहिलेले शरीर अन्न साठवते, घाबरलेले शरीर झोपेत सैल पडते.

साठवलेली भाकरी सापडली तर ओरडू नये. फुटाणे-शेंगदाण्यांचा डबा मुलाच्या हाताला येईल अशा जागी ठेवावा आणि तो कधीही रिकामा होऊ देऊ नये. डबा भरलेलाच राहतो याची खात्री पटली की साठवण आपोआप थांबते. ओल्या अंथरुणाचा गवगवा करू नये, चादर बदलावी, आणि हे फार दिवस चालले तर डॉक्टरांना दाखवावे. मुलीच्या हातून भावाची काळजी एकदम काढून घेऊ नये. "आज याची आंघोळ मी बघते, तू बस" असे रोज थोडे थोडे म्हणत तिला पुन्हा नऊ वर्षांची होऊ द्यावे.

मारणे मात्र पूर्ण वर्ज्य. ‘दोन चापट्या कोण देत नाही’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. ताब्यातील मुलाला क्रूर वागणूक दिल्यास बाल न्याय अधिनियमात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, मार खाल्लेल्या मुलाला नव्या घरातल्या पहिल्या चापटीत जुने घरच दिसते.

हाक काय मारायची हा प्रश्न छोटा वाटतो, पण घर यावरच अडते. आई जिवंत असताना दुसऱ्या बाईला ‘आई’ म्हणायला लावणे मुलाला फितुरीसारखे वाटते. आपल्या भाषेत मावशी, काकू, मामी अशा हाका भरपूर आहेत, त्यांतली एक मुलाला निवडू द्यावी. ते आपणहून ‘आई’ म्हणू लागले तर टोकू नये, आणि ‘म्हण ना’ असा आग्रहही करू नये.

शाळेचे काम त्या मानाने सोपे. शिक्षण हक्क कायद्यामुळे जन्मदाखला किंवा जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मूल वयानुरूप वर्गात बसते. समितीच्या आदेशाची प्रत मुख्याध्यापकांकडे द्यावी. हजेरीपटावर मुलाचे खरे नाव आणि आडनावच राहते. वर्गात ‘याला आईबाप नाहीत’ अशी ओळख करून देऊ नये, हे शिक्षकांना आधीच सांगून ठेवावे.

वाढदिवसाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकून ‘आमच्याकडे आलेली लेकरं’ असे लिहिणे निष्पाप वाटते. पण काळजी व संरक्षणाखालील मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

७. भेटी आणि वही

बाल कल्याण समितीने प्रतिपालक कुटुंबाची दर महिन्याला तपासणी करावी, असे अधिनियमात आहे. त्याखेरीज कक्षाचे कार्यकर्ते येतात. चांगली भेट चहा पिऊन सही घेण्याची नसते. कार्यकर्ता मुलाशी एकटा बोलतो, झोपायची जागा पाहतो, वह्या उघडतो, वजन विचारतो. मुलाशी एकांतात बोलू देणे हा प्रतिपालकांच्या परीक्षेचा क्षण असतो. बाहेर ओट्यावर बसताना जिवाची घालमेल होते, पण मुलाला तक्रार करायला जागा आहे हे त्याला दिसणेच त्याचे संरक्षण आहे.

सर्वांत उपयोगी साधन म्हणजे एक साधी वही. दूध संकलन केंद्रावरच्या कार्डासारखी. तिथे सकाळ-संध्याकाळ लिटर आणि फॅट लिहिले जाते, म्हणून हिशेबाच्या दिवशी कोणाच्या आठवणीवर भांडण होत नाही. इथेही तारीख आणि एक-दोन ओळी पुरेत. ‘३ जुलै. ताप १०१. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवले, गोळ्या दिल्या.’ ‘९ जुलै. आईच्या फोननंतर जेवला नाही. रात्री अंथरूण ओले.’ ‘१५ जुलै. पहिल्यांदा मोठ्याने हसली.’ चार महिन्यांनी वही चाळली की अंथरूण ओले होते ते फोनच्या दिवशीच, हे आपोआप दिसते. मग समुपदेशकाला ‘पोरगा त्रास देतो’ असे मोघम सांगावे लागत नाही.

पडून खरचटले, भाजले, शाळेत मारामारी झाली, मूल न सांगता निघून गेले, तर भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी कळवावे. लपवलेली साधी जखमही पुढे संशयाचे कारण होते, आणि वेळेवर कळवलेली गंभीर घटनासुद्धा विश्वास वाढवते.

८. पैसा

मिशन वात्सल्यखाली प्रतिपालकत्वातील मुलामागे दरमहा ४००० रुपये मिळतात. दोन मुलांचे ८०००. दिवसाला मुलामागे सुमारे १३३ रुपये होतात. दूध, भाज्या, वह्या, कपडे, शाळेची रिक्षा आणि किरकोळ औषधे धरली तर यातून खर्च जेमतेम भागतो, शिल्लक पडत नाही. म्हणूनच ‘पैशासाठी लेकरं ठेवली’ हा गावातला टोमणा निराधार असतो. सरकारी हप्ता अडकू शकतो हे धरून दोन-तीन महिने स्वतःच्या खर्चाने चालवता येईल अशाच घराने ही जबाबदारी घ्यावी. मोठ्या खर्चाच्या पावत्या त्याच वहीत जपाव्यात. हप्ता थांबला तर तोंडी विचारत राहण्यापेक्षा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

९. आईची भेट

प्रतिपालकांना सर्वांत जड जाणारा भाग हाच. पालक असमर्थ ठरल्यामुळे मूल प्रतिपालकत्वात गेले असेल, तर त्यांनी ठरावीक अंतराने मुलाला भेटावे आणि ते पुन्हा समर्थ ठरल्यावर मूल त्यांच्याकडे परत जावे, अशी कायद्याची दिशा आहे. भेट मुलाच्या हिताची नसेल तरच समिती ती थांबवते, आणि तेव्हा तिला कारण नोंदवावे लागते.

आपल्या उदाहरणातली आई तिसऱ्या महिन्यात भेटायला येते. औषधाने बोजड झालेली, सावकाश बोलणारी. मुलगा तिला बिलगतो, मुलगी दूर उभी राहते. तासाभराने आई जाते, आणि पुढचे दोन दिवस घरात रडारड, चिडचिड, उलट उत्तरे. प्रतिपालक आईला साहजिकच वाटते, ‘ही भेट बंदच करा, लेकरं सावरली होती.’ इथे घाई करू नये. भेटीनंतरचे रडणे बहुतेक वेळा भेट वाईट होती म्हणून नसते. ते पुन्हा ताटातूट झाल्याचे रडणे असते, आणि ते बाहेर पडणेच बरे. आईने मारले, धमकावले, किंवा मूल भेटीच्या नावानेच थरथरू लागले, तर गोष्ट वेगळी. मग ते तारखेसह समाजसेवकांना सांगावे.

आईबद्दल घरात काय बोलले जाते याला फार महत्त्व आहे. ‘तुझी माय वेडी’ असे शेजारीण म्हणाली तर प्रतिपालकाने तिथेच थांबवावे. मूल स्वतःला आईचाच तुकडा समजते, आई वाईट तर आपणही वाईट असा हिशेब ते मनात मांडते. "तिला आजार झालाय, डॉक्टर औषध देताहेत, यात तुमची काही चूक नाही" हे वाक्य जितक्या वेळा सांगावे लागेल तितक्या वेळा सांगावे. ‘आई लवकरच येईल’ हे वचन मात्र देऊ नये, ते कोणाच्याच हातात नसते.

आईच्या बाजूनेही पाहायला हवे. आपली मुले परक्या घरी, नव्या कपड्यांत, दुसऱ्या बाईच्या हातचे जेवताना पाहणे तिला सोपे नसते. अशा आईपुढे पाण्याचा तांब्या ठेवून, "याला अजून तुमच्या हातची खिचडीच आठवते" असे म्हणणारी प्रतिपालक आई त्या बाईच्या बरे होण्याला हातभार लावते.

१०. मतभेद झाले तर

समाजसेवक म्हणतात भेट दर पंधरा दिवसांनी, कुटुंब म्हणते महिन्यातून एकदा. कार्यकर्ता दोन महिन्यांत फिरकलाच नाही. समुपदेशक बदलला आणि मुलांना पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगावे लागले. असे होते. कार्यकर्ते थोडे आणि गावे लांब, हे खरे असले तरी तक्रार गिळून बसल्याने मुलाचे काही भले होत नाही.

आधी समाजसेवकांशी थेट बोलावे, वही समोर ठेवून. उपयोग झाला नाही तर संरक्षण अधिकारी, मग जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, आणि शेवटी समितीसमोर लेखी म्हणणे. समितीपुढे जाणे म्हणजे कोर्टकज्जा नव्हे. ‘आता आम्हाला झेपत नाही’ हेही याच वाटेने सांगता येते. आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू अशा कारणाने मूल दुसऱ्या कुटुंबात पाठवण्याची विनंती करणे लाजिरवाणे नाही. रागाच्या भरात मुलाला ‘जा निघून’ म्हणणे मात्र कधीही भरून न येणारे नुकसान करते.

११. परत जाणे, राहणे, मोठे होणे

आई सुधारली, दवाखान्याने अहवाल दिला, गावात राहण्याची सोय आणि उत्पन्नाचा आधार झाला की समिती चौकशी करून मुले परत देण्याचा आदेश काढते. हे एका दिवसात उरकू नये. आधी दिवसभराची भेट, मग मुक्काम, मग सुटीचा आठवडा, आणि त्यानंतर कायमचे. कपडे, वह्या, शाळेची कागदपत्रे, औषधांची यादी आणि काढलेले फोटो मुलांसोबत जातात. आईला या काळात प्रायोजकत्वाची मदत मिळू शकते का, हे समाजसेवकांना आवर्जून विचारावे, नाहीतर गरिबीपायी तीच मुले वर्षभरात पुन्हा समितीसमोर उभी राहतात. मुले गेल्यावर प्रतिपालक घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरते. त्या दुःखाला गावात नाव नाही, कोणी भेटायला येत नाही. कक्षाच्या कार्यकर्त्यांनी अशा वेळी निदान एक भेट द्यायला हवी.

आई सुधारलीच नाही, नातेवाईकही पुढे आले नाहीत, तर मुदत वाढते. पुढे मूल कायदेशीररीत्या दत्तकासाठी मुक्त ठरले आणि ते त्या कुटुंबात किमान दोन वर्षे राहिलेले असेल, तर त्या कुटुंबाला ते दत्तक घेता येते. पूर्वी ही अट पाच वर्षांची होती. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

दत्तकही झाले नाही तर अठराव्या वर्षी प्रतिपालकत्व संपते. त्यानंतर शिक्षण किंवा कामधंद्याची घडी बसेपर्यंत, २१ वर्षांपर्यंत आणि अपवादाने २३ पर्यंत, अनुरक्षण म्हणून मदत मिळू शकते. आईवडील दोघेही नसलेल्या तरुणांसाठी महाराष्ट्रात २०१८ पासून शिक्षण आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे. त्यासाठी महिला व बाल विकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते, आणि त्याचा अर्ज मूल अठरा वर्षांचे होण्याआधीच, समाजसेवकांच्या हातून सगळे कागद जुळवून करून ठेवावा.